उघड्या टोकांचा ठराव

पाण्याच्या पंपाचा बोर्ड जळाला त्या दिवसापासून इमारतीचे सेक्रेटरी स्वतःच बोर्ड झाले होते. हे काम त्यांच्यावर कुणी सोपवलं नव्हतं. सेक्रेटरींवर कुठलंच काम कुणी सोपवत नसे. कामं आपापली येत आणि ओल्या पाठीला सदरा चिकटावा तशी त्यांना चिकटत.

बोर्डाचं काम तसं साधं होतं. तळाशी पंप, गच्चीवर टाकी. टाकी रिकामी झाली की वरून लांबलचक वायरीतून निरोप यायचा, 'चालू हो', आणि भरली की यायचा, 'पुरे'. तो निरोप समजून घेणारा तळहाताएवढा बोर्ड पंपाच्या खोलीत एका पेटीत बसलेला असे. तो गेल्यावर निरोप्या म्हणून माणूस लागला. पहाटे सगळी इमारत झोपलेली असताना सेक्रेटरी खाली उतरून पंपाचं बटण दाबत, मग चार मजले चढून गच्चीवर जात, टाकीचं झाकण उचलून आत बघत बसत आणि पाणी काठाशी आलं की चार मजले उतरून पंप बंद करत. ते खाली पोचेपर्यंत वर पाणी सांडलेलं असे. म्हणून ते थोडं आधीच उतरायला लागले. मग टाकी अपुरी राहू लागली आणि संध्याकाळी कुणीतरी जिन्यात गाठून विचारू लागलं, "सेक्रेटरी, हल्ली पाणी कमी सोडता का?" जणू ते पाणी स्वतःच्या खिशातून सोडत होते.

दिवसा ते विमा कंपनीच्या दावे विभागात बसत. माणसाला नुकसानभरपाई का देता येणार नाही, हे शोधून काढणं हे त्यांचं काम. त्या आठवड्यात एका दावेदाराच्या फायलीवर त्यांचा डोळा लागला. समोर बसलेल्या दावेदाराला वाटलं, साहेब खोल विचारात आहेत. तो बराच वेळ आदराने गप्प बसून राहिला. सेक्रेटरी जागे झाले तेव्हा त्यांना इतकं ओशाळल्यासारखं झालं, की त्यांनी दावा मंजूर करून टाकला. विभागात त्याची दोन दिवस चर्चा होती.

सेक्रेटरीपद सोडायची इच्छा त्यांना ते पद घेतलं त्या संध्याकाळपासूनच होती. दर सर्वसाधारण सभेत ते राजीनामा देत आणि दर वेळी सभासद प्रेमाने हसत. लोक त्याला विनय समजत. यंदा मात्र एक वेगळी गोष्ट घडली होती. तिसऱ्या मजल्यावरचे इंजिनिअर, जे आयुष्यभर पूल बांधून नुकतेच निवृत्त झाले होते आणि घरात बांधण्यासारखं काही न उरल्याने जिन्यात उभे राहत असत, ते चारचौघांत म्हणाले होते, "मी घेतो सेक्रेटरीपद. माझी ना नाही. फक्त सगळी यंत्रणा चालू स्थितीत पाहिजे. मोडकी वस्तू ताब्यात घ्यायची मला सवय नाही."

चेअरमनांनी लगेच ते उचलून धरलं. "रविवारी सभा आहे. तोवर पंप आपोआप चालू-बंद व्हायला लागला की तुम्ही मोकळे."

'मोकळे' हा शब्द ऐकून सेक्रेटरींच्या डोळ्यांसमोर काय आलं असेल, तर पांघरूण. पहाटेचं, गळ्यापर्यंत ओढलेलं, आणि त्याच्या आत ते स्वतः.

बोर्ड बनवणाऱ्या कंपनीला फोन केला तेव्हा पलीकडच्या गोड आवाजाने सांगितलं, की हे मॉडेल बंद झालंय, आता पूर्ण पॅनेलच बदलावं लागेल. पूर्ण पॅनेल म्हणजे तीन ठिकाणची दरपत्रकं, ती कमिटीपुढे ठेवणं, त्यावर चर्चा, चर्चेत निघालेल्या शंका, शंकांसाठी पुन्हा कमिटी. हे सगळं रविवारपर्यंत होणं सोडाच, सेक्रेटरींच्या हयातीत होईल की नाही याची त्यांना खात्री नव्हती. त्यांनी बोर्ड पेटीतून काढला, रुमालात बांधला आणि ऑफिसातून परतताना बाजारातल्या दुरुस्तीच्या दुकानात नेला.

दुकानदाराने बोर्ड दिव्याखाली धरला. "कॅपॅसिटर गेलाय. हा बघा, कसा फुगलाय."

"मग बदलून द्या."

"बसवून नाही देत आम्ही."

"बाहेर पाटीवर तर दुरुस्ती लिहिलंय."

"दुरुस्ती करतो ना. पण आमच्याकडून घेतलेल्या बोर्डाची."

"तुम्ही बोर्ड विकता?"

"नाही," दुकानदार म्हणाला, आणि यात काही चुकतंय असं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. सेक्रेटरींनाही त्याचं फारसं वाटलं नाही. असंच उत्तर ते स्वतः ऑफिसात रोज देत.

कॅपॅसिटर म्हणजे एक बारकं पिंप असतं आणि त्याच्या बुडातून दोन तारा निघालेल्या असतात. त्यांना या धंद्यात पाय म्हणतात. जुन्या मापाचं पिंप आता मिळत नव्हतं. दुकानदाराने दिलेलं त्याच्या दीडपट होतं. "हे उभं मावणार नाही. आडवं झोपवा. पाय लांब ठेवून वळवून भोकात घालावे लागतील. पण उघडे सोडू नका हां. खाली तांब्याच्या रेघा आहेत, त्यांना पाय लागले की परत धूर. पायांवर स्लीव्ह चढवा. बारीक नळी असते."

"द्या मग."

"संपलीय. सोमवारी येईल."

सोमवार रविवारनंतर येतो, या गोष्टीचं वाईट वाटायची सेक्रेटरींची ती पहिलीच वेळ. त्यांनी सावधगिरी म्हणून चार-पाच कॅपॅसिटर घेतले आणि घरी आले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. कॉलेजात असताना सेक्रेटरींनी एक रेडिओ बनवला होता. तो लागला नव्हता. पण बनवला होता. त्या काळातलं सोल्डरिंगचं हत्यार त्यांनी जपून ठेवलं होतं, आणि आपल्यात एक कारागीर आहे, परिस्थितीने त्याला दावे विभागात बसवलं, अशी त्यांची आतल्या आत समजूत होती. बायकोला ती समजूत माहीत होती. तिने जेवणाचं टेबल रिकामं करून दिलं, त्यावर जुनं वर्तमानपत्र अंथरलं आणि विचारलं, "अहो, हे झालं की नक्की सोडतील ना तुम्हाला?"

"चेअरमनांनी शब्द दिलाय."

"त्यांनी पडद्याचाही दिला होता," बायको म्हणाली. चेअरमनांचं पडद्यांचं दुकान होतं.

पहिल्या प्रयत्नात सेक्रेटरींनी पायांना चिकटपट्टी गुंडाळली. बोर्ड पेटीत बसवला, पंप सुरू झाला, आणि त्यांना एवढा आनंद झाला की ते तिथेच स्टुलावर टेकले. पंपाच्या खोलीत उकाडा असतो. त्या उकाड्यात पट्टीचा चिकटपणा सुटला आणि ती ढिल्या मोज्यासारखी घसरत घसरत घोट्याशी आली. पाय उघडे पडले, खालच्या रेघेला टेकले आणि फट् असा आवाज होऊन दाराच्या फटीतून निळसर धूर निघाला. तो नेमका इंजिनिअरांना दिसला, कारण जगातलं काहीही बिघडत असलं की ते जवळपास असतच.

"चिकटपट्टी?" ते म्हणाले. "सेक्रेटरी, आम्ही पुलाला चिकटपट्टी लावली असती तर?"

पुलाला काय लावतात हे सेक्रेटरींना माहीत नव्हतं. पण त्या प्रश्नाने आपला अपमान झाला आहे एवढं त्यांना कळलं, आणि घरी जिना चढताना ते त्याच्यावर निरनिराळी उत्तरं तयार करत राहिले. एकही धड जमलं नाही.

बारीक नळी हवी आहे ही बातमी इमारतीत पसरली. कुणी शहाळ्याची नळी सुचवली, कुणी बॉलपेनची रिफिल धुऊन वापरा म्हणालं. एकाने दार उघडायला लावून केवळ इतकंच सांगितलं, की त्याचा चुलतभाऊ अशी कामं फार सुंदर करतो, पण तो परदेशी असतो. दुसऱ्या मजल्यावरची दातांची डॉक्टरीण स्वतः वर आली आणि तिने पेशंटच्या तोंडातली थुंकी ओढायच्या नळीचा एक नवाकोरा तुकडा पुढे केला.

"एकदम सुरक्षित आहे," ती म्हणाली. "माणसाच्या तोंडात चालते, मग यात काय?"

माणसाच्या तोंडात सोल्डरिंग करत नाहीत, हा मुद्दा तेव्हा दोघांच्याही ध्यानात आला नाही. नळी पायांवर छान बसली. सेक्रेटरींनी गरम हत्यार टेकवलं मात्र, नळी आधी चमकली, मग वाकली, मग तिचा एक काळा थेंब होऊन बोर्डावर पसरला. त्याचा वास जेवणाच्या खोलीतून जिन्यात आणि जिन्यातून प्रत्येक घरात शिरला. तो वर्णन करण्यासारखा नव्हता, तरी लोक पुढे बरेच दिवस त्याचं वर्णन करत होते.

आधी धूर, आता वास. चेअरमनांनी आपल्या घरी तातडीची बैठक बोलावली. सेक्रेटरी काळवंडलेली बोटं खिशात घालून इतिवृत्ताची वही मांडीवर घेऊन बसले. स्वतःविरुद्धची चर्चा स्वतःच टिपून घ्यायची, हा त्या पदाचा एक मान असतो.

इंजिनिअर उभे राहिले. वास्तविक सगळे बसले होते, उभं राहायची गरज नव्हती. "प्रश्न कॅपॅसिटरचा नाही," ते म्हणाले. "प्रश्न वृत्तीचा आहे. उघडी तार म्हणजे काय? उघडी तार म्हणजे अपघात. मी ठराव मांडतो, की पंपाच्या यंत्रणेत, पंपापासून टाकीपर्यंत, कुठल्याही वायरीचं कुठलंही टोक उघडं राहता कामा नये."

"अगदी बरोबर," चेअरमन म्हणाले. झाकायचा विषय निघाला की त्यांना तो मनापासून पटत असे. "झाकलेलं केव्हाही चांगलं."

डॉक्टरिणीने अनुमोदन दिलं, बहुधा नळीची चूक भरून काढायला. ठराव एकमताने संमत झाला. अंमलबजावणी सेक्रेटरींनी करावी असं ठरलं, आणि इंजिनिअरांनी पाहणी करून 'ठीक' म्हटल्याशिवाय पंप ताब्यात घ्यायचा नाही, असंही ठरलं. सेक्रेटरींनी ते सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलं.

घरी आल्यावर ते बराच वेळ दारातच उभे राहिले. नेमकी तेव्हाच त्यांची नजर बेलच्या बटणापासून आत गेलेल्या वायरीवर पडली. बारीक होती. गोल होती. तिच्यावरचं प्लॅस्टिक चांगलं जाड होतं. त्यांनी ती तोडली, चिमट्याने आतली तांब्याची तार ओढून काढली आणि हातात नळी राहिली, अगदी मापाची.

"बेल?" बायकोने आतून विचारलं.

"उद्या जोडतो."

"घाई नाही," ती म्हणाली. बेल बंद झाल्याने सल्ले निम्म्यावर येणार होते, हे आधी तिच्या लक्षात आलं.

मग सेक्रेटरींनी पिंप आडवं झोपवलं, पाय वळवून भोकात घातले, श्वास रोखून सोल्डरचे डाग दिले आणि डाग असे उतरले, की त्यांना रेडिओचे दिवस आठवले. चांदीचे थेंब. ते मागे रेलून आपलं काम बघत होते तेवढ्यात बायकोने चहाचा कप टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "ही नळी कुठली राहिली?"

नळीचे दोन्ही तुकडे वर्तमानपत्रावर तसेच पडले होते. नळी आधी ओवायची आणि मग डाग द्यायचा, हा क्रम ज्याने कधी चुकवला नाही त्याने सोल्डरिंग केलंच नाही असं समजावं. पण हे सांत्वन त्या वेळी करायला कुणी नव्हतं. त्यांनी डाग पुन्हा वितळवले, पाय ओढून काढले, त्यांत एक पाय तुटला. नवं पिंप घेतलं. नळी ओवली. ती जरा लांब झाली होती; तिचं टोक पाय भोकाच्या तळाशी पोचू देईना. कापली, तर भलतीच आखूड झाली, आणि मध्येच पोटरीएवढा भाग उघडा राहिला. उघडा भाग दिसताच त्यांना इंजिनिअरांचा आवाज ऐकू आला. पुन्हा बेलची वायर, पुन्हा चिमटा. शेवटी दोन्ही पाय कमरेपासून तळव्यापर्यंत झाकून पिंप बोर्डावर आडवं झालं. त्याच्याकडे बघून सेक्रेटरींना त्याचा हेवा वाटला. किती व्यवस्थित झोपलं होतं.

शनिवारी पहाटे त्यांनी बोर्ड पेटीत बसवला आणि गच्चीवर जाऊन बसले. पंप आपला आपण सुरू झाला. पाणी चढलं. काठाशी आलं. आणि खालून 'खट्' असा आवाज येऊन सगळं शांत झालं. सेक्रेटरींनी झाकण लावलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते झोपेचंही असू शकेल.

इथे थांबले असते तर ही गोष्ट सांगायचं कारण नव्हतं. पण पाहणी राहिली होती.

शनिवारी संध्याकाळी इंजिनिअर आले ते टॉर्च घेऊन. त्यांनी पेटी उघडून पिंपाचे पाय तपासले, नळीला नख लावून बघितलं आणि "हं" म्हणाले. त्यांच्या तोंडून 'हं' म्हणजे बक्षीसच. मग पंपापासून निघालेली वायर बघत बघत ते गच्चीवर पोचले. चढताना तीनदा थांबले आणि तिन्ही वेळा थांबायचं कारण वायर असल्याचं दाखवलं. टाकीचं झाकण उचललं, आत टॉर्च मारला.

"हे काय आहे?"

टाकीत वरून तीन वायरी लोंबत होत्या. एक तळापर्यंत, एक मध्यापर्यंत, एक काठाच्या जरा खाली. तिन्हींची टोकं सोललेली. तांबं चक्क दिसत होतं.

"ती पहिल्यापासून तशीच आहेत," सेक्रेटरी म्हणाले.

"पहिल्यापासून." इंजिनिअरांनी टॉर्च विझवला. "पाण्यात उघड्या तारा, पहिल्यापासून. आणि आपण विचारतोय बोर्ड का जळला."

सेक्रेटरींच्या मनात कुठेतरी एक शंका हलली. ही टोकं अशी कुणी मुद्दाम सोडली असतील का? पण पाणी आणि उघडी तार एकत्र येऊ द्यायची नाही, हे ते लहानपणापासून ऐकत आले होते, ठराव तर त्यांच्याच अक्षरात होता, आणि सभेला एक रात्र उरली होती. एवढ्या तिन्ही गोष्टींपुढे शंका टिकणारी नव्हती.

"टेप पाण्यात राहायची नाही," ते म्हणाले.

हाही प्रश्न सुटला. डॉक्टरिणीकडे दात भरायचं सामान होतं, पाण्यात न सुटणारं. तिने ते आनंदाने दिलं. निळा दिवा घेऊन स्वतः गच्चीवर आली आणि टाकीवर ओणवी होऊन त्या उजेडाने ते कसं घट्ट करायचं हे दाखवलं. "आता काही वेळ काही चावायचं नाही," ती सवयीने वायरींना म्हणाली. तिन्ही टोकांवर तीन स्वच्छ पांढरे गोल बसले. टाकीत तीन दात उगवल्यासारखे. इंजिनिअरांनी टॉर्च मारून बघितलं आणि या वेळी ते "हं" नाही, "ठीक" म्हणाले.

त्या रात्री सेक्रेटरींनी गजर लावला नाही. बायकोने तो चुकून लावला जाऊ नये म्हणून घड्याळच दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवलं.

रविवारी ते जागे झाले तेव्हा खिडकीत ऊन होतं. अर्धवट झोपेत त्यांना टाळ्या ऐकू येत होत्या. सभा चालू असावी, नव्या सेक्रेटरींचं स्वागत होत असावं, जुन्यांचे आभार मानले जात असावेत. टाळ्या थांबत नव्हत्या. आभार इतके मानायचं खरंच काही कारण नाही, असं त्यांना विनयाने वाटलं. मग बायको दारात येऊन म्हणाली, "अहो, उठा. गच्चीवरून पाणी पडतंय."

पाणी पडत नव्हतं, कोसळत होतं. पहाटेपासून पंप न थकता पाणी वर चढवत होता आणि टाकी ते न थकता खाली सोडत होती. जिन्यातून पायरी पायरी उतरत ते तळमजल्यावर पोचलं होतं. पण खरी धार होती ती टाकीतलं जादा पाणी सोडणाऱ्या नळातून, इमारतीच्या बाजूला, आणि तिच्या बरोबर खाली इंजिनिअरांची गाडी उभी होती. हवा खेळती राहावी म्हणून इंजिनिअर गाडीची काच नेहमी चार बोटं खाली ठेवत.

सेक्रेटरी खाली धावले नाहीत. खाली जायला हवं होतं, बटण तिथे होतं. पण गेले कित्येक दिवस पाय ज्या रस्त्याला लागले होते त्या रस्त्याने ते वर गेले. झाकण उचललं. टाकी काठोकाठ, आणि काठाच्या पाण्याखाली तिसरा पांढरा दात स्वस्थ बसलेला. पाणी त्याच्या चारी बाजूंनी होतं, डोक्यावरही होतं, आणि त्याला काही पत्ता नव्हता. सेक्रेटरी त्याच्याकडे बघत राहिले आणि त्यांना सगळं कळलं. हे टोक उघडं होतं ते पाणी लागावं म्हणून. पाणी लागलं की निरोप जायचा. त्यांनी निरोप्याचं तोंड भरून टाकलं होतं, तेही उत्तम प्रतीच्या मालाने.

खिशात किल्ल्यांचा जुडगा होता, त्याला नखं कापायचं यंत्र होतं. त्यांनी बाही भिजवून हात आत घातला, खालच्या दोन वायरी वर ओढून त्यांचे दात खरवडले, वायरी पुन्हा सोडल्या आणि शेवटी तिसरा दात खरवडला. तांब्याचा एक ठिपका दिसला मात्र, खालून 'खट्' असा आवाज आला आणि टाळ्या थांबल्या.

दावे विभागातल्या सवयीने ते तिथेच ठरवू लागले, की हा निष्काळजीपणा धरावा का. धरता येत नव्हता. काळजी घेतली नव्हती असं नाही; उलट काळजी जरुरीपेक्षा जास्त घेतली गेली होती, आणि त्यासाठी पॉलिसीत कलम नव्हतं.

सभेत इंजिनिअर पुढच्या रांगेत बसले. आधी ते गाडीत बसून गाडी सुरू करून बघून आले होते, हे त्यांच्या पँटकडे बघून कळत होतं.

"या परिस्थितीत," ते म्हणाले, "मी जबाबदारी घेणं म्हणजे माझ्या आयुष्यभराच्या कामावर पाणी..." पुढचा शब्द त्यांनी गिळला.

"पण बोर्ड चालतो," सेक्रेटरी म्हणाले. "आत्ता चालवून बघा. चूक ती टोकं झाकण्यात झाली. ठराव तसा होता." त्यांनी वही उघडून ठराव वाचून दाखवला. पंपापासून टाकीपर्यंत, कुठल्याही वायरीचं कुठलंही टोक.

खोलीत क्षणभर सगळे आपापल्या पायांकडे बघू लागले. ठराव एकमताने झाला होता, त्यामुळे त्यांना दुसरीकडे कुठे बघायची सोय नव्हती.

"ठराव योग्यच होता," चेअरमन शेवटी म्हणाले. "अंमलबजावणी जरा जास्त झाली. सेक्रेटरी, तुम्ही थोडं तारतम्य ठेवायला हवं होतं."

"मी ठीक म्हटलं ते कामाच्या सफाईला," इंजिनिअर म्हणाले.

"आणि माल माझा चांगला निघाला, हे मान्य करा," डॉक्टरीण म्हणाली. "सुटला नाही."

"तर मग यंदा आहे तेच चालू ठेवू," चेअरमन घाईने म्हणाले. "सेक्रेटरी तेच. आणि यंत्रावर फार विसंबायला नको. बोर्ड राहू दे, पण पहाटे ते चालू असताना सेक्रेटरींनी वर बसून लक्ष ठेवावं. ते हाताने करत होते तेव्हा गाड्या भिजल्या नाहीत."

सेक्रेटरी उभे राहिले. कितीतरी वर्षांची उत्तरं त्यांच्या ओठांपर्यंत आली होती, पुलाचंसुद्धा. पण उभं राहिल्यावर त्यांना इतकी झोप आली, की तोंडून फक्त जांभई निघाली. सभासद प्रेमाने हसले. लिहिण्याचं काम त्यांच्याचकडे असल्याने ते खाली बसले आणि 'सेक्रेटरी तेच' असं लिहायला त्यांनी पेन टेकवलं.

"थांबा, लिहू नका," मागून बायको म्हणाली. "मी घेते सेक्रेटरीपद."

चेअरमन वळले. "वहिनी, तुम्ही?"

"का? निम्म्या तक्रारी माझ्याच दारात येतात. हे ऑफिसात असतात, ऐकून मीच घेते. नुसतं ऐकायचं, त्यापेक्षा पद घेऊन ऐकते."

 दुसरं काही न सुचल्यामुळे सगळ्यांनी हात वर केले. सेक्रेटरींनीही केला. वही त्यांच्या मांडीवरून उचलली गेली ते त्यांना जाणवलं.

नव्या सेक्रेटरींनी पेन हातात घेऊन पहिला निर्णय तिथेच सांगितला. "पहाटे वर बसायचं म्हणता ना, बसू. पण पाळीने. रोज एक घर. दुसरी पाळी तिसऱ्या मजल्याची."

"माझे गुडघे..." इंजिनिअर म्हणाले.

"तीनदा थांबत थांबत या. टाकी तेवढ्यात भरत नाही." तिने लिहिता लिहिता मान वर केली. "आणि पहिली पाळी आमच्याच घराची. म्हणजे कुणाला बोलायला जागा नको."

'आमच्या घरात' माणसं दोनच होती, आणि त्यांतलं एक आता पदाधिकारी होतं. तेव्हा सोमवारी पहाटे पुन्हा तेच पाय, तेच चार मजले. माजी सेक्रेटरी टाकीशेजारी जाऊन बसले. पंप सुरू झाला, पाणी चढलं, 'खट्' झालं, पंप थांबला. त्यांच्यावाचून काही अडलं नव्हतं. बोर्डावरचं पिंप खाली पेटीत पाय झाकून आडवं पडलं होतं आणि ते वर गारठ्यात बसले होते.

उतरताना गच्चीच्या दाराची कडी अडकली. ती नेहमीच अडकायची. इतकी वर्षं ती त्यांची कडी होती. अडकली की मनाला टोचायचं, तेल घालायला हवं, माणूस बोलवायला हवा. त्यांनी ती दोन हातांनी हिसडून लावली आणि उतरता उतरता जिन्याच्या मधोमध एकदम थांबले. टोचलं नव्हतं. ही कडी आता त्यांची नव्हती. ते आता साधे रहिवासी होते, आणि रहिवाशाला या इमारतीत जे काही मिळतं त्यातलं सर्वांत मोठं सुख आपल्यालाही मिळू शकतं, हे त्यांच्या हळूहळू लक्षात आलं. तिथून घरापर्यंत ते जवळजवळ भरभर उतरले.

बायको स्वयंपाकघरात चहा गाळत होती.

"गच्चीच्या दाराची कडी अडकते," ते म्हणाले. आवाज थोडा चढवून बघितला, चढला. "कधीपासून अडकते. सोसायटीचं लक्ष नाही. सेक्रेटरी करतात काय, मला कळत नाही."

बायकोने कप त्यांच्यापुढे सरकवला.

"लेखी द्या," ती म्हणाली.